गरिबाचे अपील आणि कोर्टाची फी
(भोकरदन येथे शेतकरी बंधुभगिनींच्या सभेत एका शाळामास्तरांनी केलेले भाषण)

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती अगदीच खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. कज्जेदलालीत घरेच्या घरे धुऊन निघालेली आपण पाहिली आहेत. परंतु ही म्हण सांगितली कोणाला जाते, याचा कधी विचार केला आहे काय? ज्याच्या गाठी पैसा आहे, ज्याच्या ओटीवर वकील येऊन बसतो, त्याला ती कोणी सांगत नाही. तो ती पायरी रोज चढतो आणि उतरतो. म्हण सांगितली जाते ती ज्याची जमीन गेली त्याला, ज्या विधवेचा हिस्सा बुडाला तिला, ज्याच्या बांधावर दुसऱ्याचा नांगर फिरला त्याला. म्हणजे अन्याय करणारा कोर्टात, आणि अन्याय सोसणारा शहाणा! असल्या शहाणपणाला आमचा रामराम.

आज आम्ही तुम्हांपुढे एकच विषय ठेवणार आहोत. खालच्या कोर्टात दिवाणी दावा हरलो, निकाल चुकीचा आहे असे मनापासून वाटते, वरच्या कोर्टात अपील करावयाचे आहे. परंतु अपिलाला लावावयाच्या कोर्ट फीचे पैसे नाहीत. अशा माणसाने काय करावे? घरी बसावे की सावकाराचे दार धरावे? आमचे उत्तर असे की, दोन्ही करू नये. कायद्यात तिसरी वाट आहे. ती पुष्कळ जुनी आहे, आणि तरी आपल्यांतील शंभरांत पाच माणसांनाही ती ठाऊक नसेल असे आम्हांस वाटते. ती ठाऊक नसण्यात गरिबाचे नुकसान आणि धनवंताचा फायदा आहे.

प्रथम ही कोर्ट फी आली कोठून ते पाहू. न्याय देणे हे राजाचे काम. त्याबद्दल दाम घ्यावा कशाला? परंतु १७९५ साली कंपनी सरकारने बंगालात कायदा करून दाव्यांवर फी बसविली. सबब अशी सांगितली की, फी असली म्हणजे खोटे दावे कमी होतील. यावर पुढे १८३५ साली मेकॉलेसाहेबानेच हरकत घेतली. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, फी खरा दावा आणि खोटा दावा असा भेद करीत नाही. ती फक्त पैसेवाला आणि बिनपैसेवाला असा भेद करते. खोटा दावा करणारा श्रीमंत ती हसत भरतो, खरा दावा असलेला गरीब दारातूनच परततो. तरी फी राहिली. १८७० साली तिचा स्वतंत्र कायदा झाला. स्वराज्य आले, १९५८ साली विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात या फीवर टीका केली आणि न्यायदान हे उत्पन्नाचे साधन होऊ नये असे सांगितले. पण १९५९ साली आपल्या प्रांताने स्वतःचा कोर्ट फीचा कायदा केला, आणि २०१८ साली महाराष्ट्र सरकारने फीची कमाल मर्यादा तीन लाखांवरून दहा लाख रुपयांवर नेली. लक्षात ठेवा की, मालमत्तेच्या दाव्यात किमतीच्या मानाने जी फी दाव्याला, तीच अपिलाला. एकदा दाव्यात बायकोचे डाग विकून फी भरली, आता अपिलाला विकावयाचे काय?

जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात कोर्टकचेऱ्यांच्या फेऱ्यांत अडाणी कुणबी कसा नागवला जातो हे लिहून ठेविले आहे. त्याआधी आठ वर्षे, १८७५ च्या मे महिन्यात, पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतपत्रे जाळली. कां जाळली? कारण कोर्टाने कागद पाहिला आणि माणूस पाहिला नाही. म्हणून आमचे सांगणे असे की, कागद जाळून काही होत नाही. कागद वाचावयास शिकावे, आणि आपलाही कागद कोर्टापुढे ठेवावा.

आता ती तिसरी वाट. १९०८ च्या दिवाणी व्यवहार संहितेत दोन आदेश आहेत. तेहतिसावा आदेश गरिबाच्या दाव्याचा आणि चव्वेचाळिसावा गरिबाच्या अपिलाचा. आपला हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. कोर्टाची भाषा उर्दू, आणि अशा गरिबाला मुफलिस म्हणत. ही १९०८ ची संहिता आपल्याकडे १९५१ च्या एप्रिलपासून लागू झाली. इंग्रजी कायद्यात पूर्वी ‘पॉपर’ असा शब्द होता, मराठीत आपण नादार म्हणत असू. १९७६ साली कायदा दुरुस्त झाला आणि त्या जागी निर्धन व्यक्ती असा शब्द आला. मूळ कल्पना तर त्याहूनही जुनी. इंग्लंडात सातव्या हेन्री राजाने १४९५ सालीच गरिबाला फीशिवाय दाद मागण्याचा कायदा केला होता. तेव्हा ही काही कोणा साहेबाची आजची मेहेरबानी नव्हे.

निर्धन कोणाला म्हणावे? अंगावर चिंधी नाही त्यालाच, असे मुळीच नाही. ज्याच्यापाशी ती फी भरण्याइतके साधन नाही, तो कायद्याच्या दृष्टीने निर्धन. आणि हे साधन मोजताना दोन गोष्टी वगळाव्या लागतात. एक, ज्या मालमत्तेचा वाद चालला आहे ती. दोन, जी वस्तू हुकूमनाम्याच्या बजावणीत जप्त करता येत नाही ती. संहितेच्या साठाव्या कलमात अशा वस्तू सांगितल्या आहेत. शेतकऱ्याचे राहते घर, पोट भरण्यास लागणारी औते आणि जनावरे, बी-बियाणे, कारागिराची हत्यारे, अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि धर्माच्या रूढीप्रमाणे बाईला काढता येत नाहीत असे डाग. तेव्हा घरी बैलजोडी आहे, डोक्यावर पत्रे आहेत, म्हणून आपल्याला हा अर्ज करता येणार नाही, असे कोणी सांगितले तर ते ऐकू नका.

अर्ज करावा कसा? अपिलाचा मसुदा आणि खालच्या कोर्टाच्या न्यायनिर्णयाची नक्कल यांसह हा अर्ज वरच्या कोर्टात द्यावयाचा. भोकरदनच्या कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाचा निकाल असेल तर जालन्याच्या जिल्हा न्यायालयात. जिल्हा न्यायालयाच्या निकालावर दुसरे अपील असेल तर उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर, म्हणजे औरंगाबाद, येथील खंडपीठात. १९८१ साली हे खंडपीठ झाले नसते तर भोकरदनच्या माणसाला मुंबई गाठावी लागली असती, हेही विसरू नये. अर्जासोबत आपल्या स्थावर-जंगम मालमत्तेची यादी अंदाजी किमतीसह जोडावयाची आणि खाली सही करून ती खरी असल्याचे सांगावयाचे. अर्ज सामान्यतः स्वतः हजर राहून द्यावयाचा. कोर्ट तुम्हांला प्रश्न विचारील, तुमच्या परिस्थितीची चौकशी होईल. सरकारी वकिलाला आणि सामनेवाल्याला नोटीस जाईल, कारण फी बुडाली तर सरकारचे उत्पन्न बुडते. सातबारा, आठ-अ चा उतारा, तहसिलीतील उत्पन्नाचा दाखला हे कागद हाताशी ठेवावे.

खालच्या कोर्टातच निर्धन म्हणून परवानगी मिळाली असेल तर काम सोपे. निकालानंतर आपली स्थिती सुधारली नाही एवढे शपथपत्र केले की पुन्हा चौकशीची गरज नाही. मात्र सरकारी वकिलाने किंवा सामनेवाल्याने ते खोटे म्हटले तर चौकशी होते. दाव्याला फी भरली होती आणि निकालानंतर मी निर्धन झालो असे म्हणणे असेल, तर चौकशी होतेच.

येथे आमच्या पाहण्यातील एक गोष्ट सांगतो. आमच्या शाळेतील एका मुलाचे आजोबा, वय साठीच्या पुढचे. कर्जापोटी लिहून दिलेल्या खताचे सामनेवाल्याने खरेदीखत करून दाखविले, आणि जमीन परत मागण्याचा आजोबांचा दावा खालच्या कोर्टात फेटाळला गेला. दाव्याला फी भरताना दुभती म्हैस गेली होती. अपिलासाठी आजोबा उसन्या पैशासाठी सोयऱ्यांच्या गावोगाव फिरू लागले. मिरचीचा तोडा चालू होता, हाती दोन पैसे येत, ते उधारीत जात. नातवाने शाळेत ही हकीगत सांगितली तेव्हा आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि या अर्जाबद्दल सांगितले. म्हातारा संतापला. म्हणाला, “गुरुजी, मी भिकारी न्हाई. कोर्टात उभं राहून, माझ्याजवळ काही न्हाई म्हणू? गावात तोंड कसं दाखवू?”

बंधूंनो, हाच खरा मुद्दा आहे. पैशाने माणूस अडतो त्याहून अधिक तो लाजेने अडतो. आम्ही त्यांना विचारले, “दादा, पूर्वी शाळेत गरिबाच्या पोराला नादारी मिळे. नादारीवर शिकलेल्या पोराने गणित बरोबर सोडविले तर मास्तर ते चूक म्हणत काय? गणित निराळे, फी निराळी. तुमचा हक्क निराळा आणि तुमची गाठ निराळी.” म्हातारा गप्प राहिला. मग म्हणाला, “लिहा.”

यादी लिहावयास बसलो तेव्हा मुलगा हळूच म्हणाला, दोन शेळ्या कशाला लिहिता, कोणाला ठाऊक आहे? आजोबांनीच त्याला दटावले, “शेळ्या लिही. माझं खरं असल तर दोन शेळ्यांनी खोटं व्हायचं न्हाई.” शेळ्या लिहिल्या. सामनेवाल्याने हरकत घेतली की, यांना घर आहे, बैल आहेत, हे निर्धन कसले? कोर्टाने घर आणि बैल मोजले नाहीत, वादातली जमीनही मोजली नाही, आणि उरलेल्यांत फी भागत नाही असे पाहून परवानगी दिली. अपील अजून चालू आहे. निकाल काय लागेल ते आम्ही सांगू शकत नाही. परंतु म्हाताऱ्याचे म्हणणे ऐकले जात आहे. पैशावाचून ते दाराबाहेर राहिले नाही.

आता चार सावधगिरीच्या गोष्टी, कारण अर्धवट ज्ञान हे अज्ञानाहून घातक.

पहिली गोष्ट मुदतीची. जिल्हा न्यायालयात अपिलाला तीस दिवस, आणि या अर्जालाही तीसच दिवस. उच्च न्यायालयात मात्र मौज पाहा. फी भरणाऱ्याला अपिलासाठी नव्वद दिवस, आणि निर्धन म्हणून परवानगी मागणाऱ्याला साठच दिवस! १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात असे लिहिले आहे. ज्याला कागद गोळा करण्यास अधिक वेळ लागतो त्यालाच तीस दिवस कमी. हा कोठला न्याय? हा भेद जावा अशी मागणी आपण आपल्या आमदार-खासदारांकडे केली पाहिजे. तो जाईपर्यंत निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाकावा. नक्कल मिळण्यास लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात. उशीर झालाच तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते, परंतु वरातीमागून घोडे आणण्याची सवय बरी नव्हे.

दुसरी गोष्ट खरेपणाची. अर्जापूर्वीच्या दोन महिन्यांत, निर्धन ठरावे म्हणून कोणी जमीन भावाच्या नावे केली किंवा जनावरे विकल्याचे दाखविले, तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. तसेच, तू फी भर आणि जिंकलो तर अर्धी जमीन तुझी, असा करार कोणाशी केला असेल तरीही अर्ज बुडतो. असले मदतनीस गावोगाव फिरत असतात. त्यांच्यापासून दूर राहावे.

तिसरी गोष्ट, ही खरोखरीची माफी नव्हे, ही उधारी आहे. अपील जिंकले तर सरकारची फी निकालात ज्याच्यावर टाकली असेल त्याच्याकडून वसूल होते, आणि वादाच्या मालमत्तेवर तिचा पहिला बोजा राहतो. हरले तर ती फी अर्जदाराला भरावी लागते, आणि जिल्हाधिकारी ती शेतसाऱ्याच्या थकबाकीप्रमाणे वसूल करू शकतो. म्हणून रागाच्या भरात, भाऊबंदाची जिरवावी म्हणून, अपील करू नये. निकाल वाचून, जाणत्याला दाखवून, चूक कोठे आहे हे समजले तरच करावे.

चौथी गोष्ट, अपील दाखल झाले म्हणजे खालच्या निकालाची बजावणी आपोआप थांबत नाही. स्थगितीचा अर्ज निराळा द्यावा लागतो. पुष्कळ माणसे अपील केले म्हणून निवांत झोपतात आणि सकाळी बेलिफ दारात उभा राहतो.

अर्ज नामंजूर झाला तर काय? तरीही सारे संपले असे नाही. फी भरण्यास कोर्ट मुदत देऊ शकते, आणि त्या मुदतीत भरली तर ती आरंभीच भरली असे धरले जाते.

येथे एक सुधारणा मुद्दाम सांगण्यासारखी आहे. १९७६ पूर्वी नियम असा होता की, गरिबाच्या अपिलाचा अर्ज आला की कोर्टाने निकाल वाचून आधीच पाहावे, आणि तो कायद्याविरुद्ध, चुकीचा किंवा अन्यायाचा वाटला तरच परवानगी द्यावी, नाही तर अर्ज फेटाळावा. फी भरणाऱ्याच्या अपिलाला अशी चाळणी नव्हती. म्हणजे एकाच निकालावर श्रीमंताचे अपील सरळ आत, आणि गरिबाचे मात्र उंबऱ्यावर झडती घेऊन. १९७६ च्या दुरुस्तीने ही चाळणी काढून टाकली. त्याच वर्षी घटनेत ३९-अ हे कलम आले, आणि पैशाच्या किंवा दुसऱ्या कोणत्याही अडचणीमुळे कोणाला न्यायाची संधी नाकारली जाऊ नये, ही जबाबदारी राज्यावर आली. हरियाणात अपघातात मेलेल्या माणसाच्या विधवेने आणि मुलीने फीशिवाय भरपाई मागितली. तेथील सरकार स्वतः सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडत गेले की, यांना ही सवलत देऊ नये! १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारलाच बोल लावून विधवेची बाजू राखली. तेव्हा सरकारी वकिलाने हरकत घेतली म्हणून घाबरून जाऊ नये.

याखेरीज आणखी एक दार उघडे आहे. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ च्या नोव्हेंबरपासून अमलात आला. त्याप्रमाणे तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. अनुसूचित जातिजमातींची माणसे, स्त्रिया, मुले, अपंग, कारखान्यांतील कामगार, पूर-दुष्काळासारख्या आपत्तीत सापडलेले लोक, यांना उत्पन्न न पाहता, आणि इतरांना ठरलेल्या उत्पन्नाच्या आत असल्यास, फुकट वकील मिळतो. कोर्ट फी, नकलांचा खर्च, टंकलेखन हेही त्या मदतीत येऊ शकते. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. बायाबापड्यांसाठी आणखी एक गोष्ट. महाराष्ट्र सरकारने १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसा आणि घटस्फोट या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ केली आहे, आणि त्यात अपिलांचाही उल्लेख आहे. आपले प्रकरण त्या शब्दांत बसते की नाही हे समितीच्या वकिलाकडून आधी पाहून घ्यावे. बसले तर निर्धन ठरविण्याची खटपटच नको.

बंधुभगिनींनो, या आपल्या भोकरदनचे जुने नाव भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील स्तूपांच्या दगडांवर भोगवर्धनच्या दात्यांची नावे दोन हजार वर्षांपूर्वी कोरली गेली. आपले गाव देणाऱ्यांचे, म्हणून मागावयाची आपल्याला लाज वाटते, हे आम्ही समजतो. परंतु भीक आणि हक्क यांत भेद आहे. भीक दुसऱ्याच्या वाट्यातून मिळते, हक्क आपल्याच वाट्याचा असतो. फीची सवलत मागणारा सरकारची जमीन मागत नाही, सामनेवाल्याचा पैसा मागत नाही. तो एवढेच म्हणतो की, माझेही ऐका.

शेवटी एक विनंती. प्रत्येक गावात लिहितावाचता येणारा निदान एक तरुण, मुलगा असो की मुलगी, या कामासाठी पुढे यावा. कोणाचा निकाल लागला की त्याने तारीख लिहून घ्यावी, तीस दिवस मोजून भिंतीवर खूण करावी, त्याच दिवशी नकलेचा अर्ज लिहून द्यावा आणि त्या माणसाला हाताला धरून तालुक्याच्या समितीत न्यावे. एवढ्याने कितीतरी जमिनी वाचतील. आमच्या शाळेत संध्याकाळी अर्ज लिहून देण्याचे काम आम्ही आनंदाने करू. त्याला फी नाही.